निवृत्तीनंतर सांगली ते कन्याकुमारी, आणि गाडीत सतत उघडणारी राज्याची तिजोरी

कोषागारी_सांगलीकर

नमस्कार मंडळी. नोकरीची सगळी वर्षं कोषागारात दुसऱ्यांची बिलं पास करण्यात गेली, आता सेवानिवृत्त. आम्ही दोन जोडपी एर्टिगा घेऊन डिसेंबरात कन्याकुमारी करायचं म्हणतोय. दुसरं जोडपं म्हणजे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला माझा मित्र आणि वहिनी. नोव्हेंबरात बँकेत हयातीची सही करून मोकळं व्हायचं आणि निघायचं. जाताना गोवा, कारवार, उडुपी, मंगळूर, मग केरळचा किनारा. येताना मदुराई, सेलम, बेंगळूर, हुबळी. रात्रीची गाडी चालवायची नाही, दिवसाला फार तर तीनशे किलोमीटर, एवढं ठरलंय.

अडचण वेगळीच आहे. मी आणि मित्र एकत्र आलो की विषय राज्याच्या तिजोरीवर घसरतो. त्याचं पालुपद: "लाडक्या बहिणीनं तिजोरी खाली केली, नऊ लाख कोटी कर्ज झालं, आता आपली पेन्शन बंद पडणार." मला हे पटत नाही, पण "सगळं उत्तम चाललंय" हेही मी म्हणत नाही. त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खातो. शेवटी दोघी बायकांनी कायदा केलाय: घाटात आणि जेवताना बजेट बंद.

तर रस्त्याबद्दल सांगा. तिजोरीबद्दलही सांगितलंत तर हरकत नाही.

तळकोकणी

सांगलीसून कोल्हापूर, आजरा, आंबोली करून सावंतवाडीक उतरा. बेळगावावरून चोर्ल्यानं जावचा असात तर रस्त्याची अवस्था आधी विचारून घेवा. आणि ऐका, टाकी कोल्हापुरात फुल करू नका. आमच्या बांद्याची माणसां पत्रादेवी ओलांडून गोव्यात पेट्रोल भरतत. लिटरमागं सात-आठ रुपये वाचतत. हुमण-भात पणजीत खावा, बजेटवर बोलूक नको.

रानजाई

आम्ही दोघं (मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त) हाच रस्ता करून आलोय, म्हणून थोडं हक्कानं सांगते.

पहिलं म्हणजे रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत ठेवू नका. पुढच्या कप्प्यात ठेवा, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये. दर दीड-दोन तासांनी उतरून दहा मिनिटं चाला, नाहीतर संध्याकाळी चपलेत पाय मावत नाही. किनाऱ्यावर डिसेंबरातही दुपारी घामटं निघतं. यांना वाटलं होतं स्वेटर लागेल, तो तसाच परत आला. मुक्काम शहराच्या अलीकडे करा. कोची, मंगळूर सकाळी सातला ओलांडायचं, संध्याकाळी सातला नाही.

बायकांसाठी एक मुद्दा, जो पुरुष लिहीत नाहीत: स्वच्छतागृह. हायवेच्या पंपांवर भरवसा ठेवू नका. उडुपी पट्ट्यातली मध्यम शाकाहारी हॉटेलं बघून तिथंच चहा घ्यायचा, काम होतं.

बजेटचं म्हणाल तर लाडक्या बहिणीचे दीड हजार माझ्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला मिळतात. पहिल्या दोन हप्त्यांतून तिनं मुलीचा क्लास लावला. तिजोरीवाले काय म्हणायचं ते म्हणोत.

सडेतोड_भाऊ

हेच ते! भावनेवर राज्य चालत नाही, ताई. घर चालवताना उधार काढून कोणी साड्या वाटतं का? फुकट एसटी, अर्धं तिकीट, दीड हजार, वीजमाफी. कर भरणारा मेला तरी चालेल. उद्या श्रीलंका होणार आहे महाराष्ट्राची, लिहून ठेवा.

हिशेबनीस

लिहून ठेवण्याआधी आकडे बघू. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प साधारण ७ लाख कोटींचा. कर्ज मार्च २०२६ अखेर ९,३२,२४२ कोटी होईल असा तेव्हाचा अंदाज. आकडा ऐकून घाम फुटतो, पण राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तुलनेत ते १९ टक्क्यांच्या आत बसतं. केरळ, पंजाब, हिमाचल यांचं हेच प्रमाण तिशी-चाळिशीच्या घरात आहे. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी, म्हणजे कायद्यातल्या, राज्य उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेच्या आत. श्रीलंकेवर परकीय चलनातलं कर्ज होतं. राज्यांची उचल मुख्यतः रुपयांत असते, रिझर्व्ह बँकेमार्फत बहुतेक मंगळवारी रोख्यांचा लिलाव होतो. तुलना लागू नाही.

पण रानजाई, दुसरी बाजूही आहे. अर्थसंकल्प मांडायचा आणि मग पुरवणी मागण्यांनी तो फुगवायचा ही सवय वाईट. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या होत्या. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी. मग मार्चमधल्या मूळ पुस्तकाला किंमत काय राहिली?

सडेतोड_भाऊ

आकडेमोड करून चोराला सोडवता येतं.

कोषागारी_सांगलीकर

भाऊ, जरा दमानं. हिशेबनीसांनी कर्ज-उत्पन्न प्रमाण सांगितलं, ते बरोबर. पण खात्यातल्या माणसाची नजर आधी दुसरीकडे जाते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी आणि महसुली खर्च सुमारे ६ लाख ७ हजार कोटी. महसुली तूट ४५,८९१ कोटी. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, योजना या रोजच्या खर्चालाच जमा पुरत नाही. धरणाचा किंवा पुलाचा पहिला रुपया सुटायच्या आधी उसनवारी सुरू. पूल बांधायला कर्ज काढलं तर माझी तक्रार नाही, पूल पन्नास वर्षं राहतो. महिन्याचा हप्ता वाटायला कर्ज काढलं तर ते फेडायला मागे काही उरत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे.

लाडक्या बहिणीची तरतूद ३६ हजार कोटी. ती वजा केली तर ही तूट बरीचशी भरून निघते. त्यामुळे मित्राचं म्हणणं सपशेल खोटं नाही. पण मग मी त्याला पुढचं पान उलटायला लावतो. पेन्शनवरचा खर्च या ३६ हजार कोटींच्या दुपटीच्या घरात आहे. पगार, पेन्शन आणि व्याज मिळून महसुली जमेतला निम्म्याहून जास्त हिस्सा जातो. त्या बाईला दीड हजार मिळतात, आम्हा दोघांना किती मिळतात ते इथं लिहीत नाही. मित्र इथपर्यंत आला की म्हणतो, "आपण नोकरी केली, ते फुकट नाही." मान्य. पण तिजोरीतून पैसे जातात तेव्हा फुकटचे आणि हक्काचे असे दोन वेगळे नळ नसतात.

आता पेन्शन बंद पडेल का? राज्य एका रात्रीत बुडत नाही, आधी उशीर व्हायला लागतो. पहिली कात्री बीम्सवर, म्हणजे निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर लागते: पुस्तकात तरतूद पूर्ण, प्रत्यक्ष वितरण मात्र टक्क्या-टक्क्यांनी. ३१ मार्चच्या रात्रीचं चित्र डोळ्यांपुढून जात नाही. अकरा वाजता खिडकीशी बिलांचा गठ्ठा घेऊन शिपाई, त्याच्या मागे ठेकेदाराचा माणूस, आणि पडद्यावर तरतूद शिल्लक नाही असा निरोप. ठेकेदार, शिष्यवृत्त्या, संस्थांची अनुदानं आधी लटकतात. पगार-पेन्शनला हात शेवटी लागतो. लागतच नाही असं मात्र नाही: सप्टेंबर २०२४ मध्ये हिमाचलात पगार ५ तारखेला आणि पेन्शन १० तारखेला झाली होती.

चहापावडर

वाखुसा (वाचनखूण साठवली). बजेट जेवताना बंद, मग चहाला चालू का? (हलकं घ्या.)

वऱ्हाडी_ठसका

राजेहो, आमचा समृद्धी राहिला नं! तुमचा मार्ग दक्षिणेकडला, तरी एक गोष्ट सांगून ठेवतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा तीन हजाराचा वार्षिक पास सुरू झाला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष. लोकं पास काढतात आन् समृद्धीवर चढतात, मग पैसे कटले म्हणून बोंबलतात. तो पास फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालते भाऊ. समृद्धी आन् मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचे, तिथं नाही चालत. तुमच्या रस्त्यावर ४८, ६६, ४४ हे सगळे राष्ट्रीय, तुम्ही पास काढाच.

समृद्धीवर चालवाची वेळ आली तं दर तासाला थांबा. ७०१ किलोमीटर सरळसोट, डोळा लागतेच. टायरमधली हवा पाहून घ्या.

हिशेबनीस

ठसकाभाऊंनी नकळत महत्त्वाची गोष्ट सांगितली. समृद्धीला ५५ हजार कोटींच्या वर खर्च आला. त्यातलं महामंडळानं उचललेलं कर्ज वरच्या ९.३२ लाख कोटींत धरलेलं नाही, ते महामंडळाच्या वहीत असतं. अशा कर्जामागे सरकार हमीदार म्हणून उभं राहतं. टोल नीट आला तर प्रश्न नाही. नाही आला तर हमी कोणावर शेकणार?

शक्तिपीठ महामार्गाचंही तसंच: २०२५ च्या आराखड्यात ८०२ किलोमीटर, अंदाज ८६,३०० कोटी, त्यातले २०,७८७ कोटी जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केले. रस्ता हवा की नको हा वाद कोल्हापूरकर शेतकरी करताहेतच. पण तो कोणाच्या वहीत लिहायचा यावर कुणीच बोलत नाही.

तळकोकणी

आमचो मुंबई-गोवा रस्तो कोणाच्या वहीत हा ता पण सांगा. २०११ पासून काम चालू हा. दोन पिढ्यो गणपतीक त्याच रस्त्यान गेले.

जुनी_पेन्शन_हवीच

सगळे काका-काकू आरामात रोडट्रिपा करताहेत, बरं वाटलं. मी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन बंद झाल्यावर. तुम्हाला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. माझी बाजारावर. मार्च २०२३ चा संप आम्ही केला तेव्हा याच संस्थळावर "कामचुकार" म्हणून लेख आले होते, लिहिणारे बहुतेक जुन्या पेन्शनवाले. म्हणे तिजोरीला परवडत नाही! तुमच्या वेळी परवडत होतं?

सडेतोड_भाऊ

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

कोषागारी_सांगलीकर

जुनी_पेन्शन, तुमचा राग रास्त आहे. आम्हाला मिळालं ते तेव्हाच्या नियमानं मिळालं, त्यात आमची काही मर्दुमकी नाही. २०२४ मध्ये सरकारनं शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांची हमी देणाऱ्या सुधारित योजनेला मान्यता दिली. ती जुन्या पेन्शनइतकी निखळ नाही, कारण त्यात तुमची कपात चालूच राहते. तरी निव्वळ बाजारावरही सोडलेलं नाही. विकल्पाचा अर्ज भरण्याआधी आस्थापना शाखेत बसून दोन्हीचा हिशेब कागदावर करून घ्या, व्हॉट्सॲपवरच्या तक्त्यावर जाऊ नका.

तिजोरीला परवडतं का, याचं प्रामाणिक उत्तर असं: २००५ चा बदल झाला त्याचा फायदा तिजोरीला २०३५ नंतर दिसणार होता, कारण तोवर आमच्यासारखे जुनेच निवृत्त होत राहणार. मधली सगळी वर्षं दुहेरी बोजाची: आमची पेन्शनही द्यायची आणि तुमच्या खात्यात सरकारचा हिस्साही भरायचा. नेमक्या याच वर्षांत सगळ्या पक्षांना वाटप सुचलं.

शिकागोची_थंडी

वाचतोय. इथं इलिनॉय राज्यात हाच तमाशा मोठ्या पडद्यावर बघायला मिळतो. १९७० च्या राज्यघटनेत लिहून ठेवलंय की सरकारी नोकराची पेन्शन कमी करता येणार नाही. २०१३ मध्ये विधिमंडळानं कपातीचा कायदा केला, २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. आधीच्या सरकारांनी वर्षानुवर्षं पेन्शन निधीत पुरेसे पैसेच भरले नाहीत, ते खड्डे अजून बुजवताहेत. आणि इथले निवृत्त लोक काय करतात? घराएवढी गाडी घेऊन फ्लोरिडाला जातात आणि तिथं बसून इलिनॉयच्या करांना शिव्या देतात. तुमची एर्टिगा बरी.

काळी_नदी

मी कारवारचा, घरी मराठी-कोंकणी दोन्ही. आमच्या बाजूचं सांगतो. इकडं 'गृहलक्ष्मी'चे २००० आणि जून २०२३ पासून बायकांना सरकारी बसमध्ये फुकट प्रवास. कंडक्टर आधार कार्ड बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. फुकट असलं तरी तिकीट घ्यावंच लागतं, कारण त्या तिकिटांच्या हिशेबावर सरकार परिवहन महामंडळाला पैसे देतं. तुमच्या दोघी वहिनींना मात्र पूर्ण भाडं, योजना कर्नाटकातल्या रहिवाशांसाठी आहे. उडुपी-मंगळूर पट्ट्यात खाजगी बसेसच जास्त, तिथं इथल्या बायकांनाही शून्य तिकीट नाही.

पाच हमी योजनांना २०२५-२६ मध्ये ५१ हजार कोटी ठेवलेत. जून २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलवरचा विक्रीकर वाढवून पेट्रोल तीन रुपयांनी महागलं. निपाणीला येऊन टाकी भरण्यात पूर्वीइतकी मजा राहिली नाही, ती यामुळे.

कारवारहून निघालात की गोकर्णात गर्दीच्या दिवशी गाडी गावात घालू नका, बाहेर लावून चालत जा. अंकोल्याच्या पुढं डोंगर कापलेले आहेत, पावसात दरडींची भीती असते. डिसेंबरात काही नाही.

कोषागारी_सांगलीकर

काळी_नदी, मनापासून आभार. "एका हातानं दिलं आणि पंपावर घेतलं" हे मित्राला ऐकवणार आहे, घाट संपल्यावर.

आपल्याकडेही तेच झालं. जून २०२५ मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असं सांगून. याला माझा विरोध नाही. उलट खर्चासाठी कर लावला हे उघडपणे सांगावं. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली, तिच्यासाठी १९७५ मध्ये कायदा करून व्यवसाय कर आणला. पगारपत्रकात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले आठवत असतील. गावातल्या माणसाला काम मिळावं म्हणून शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून पैसे घेतले, आणि ते सांगून घेतले. लाडकी बहीण जाहीर झाली २०२४ च्या जूनमध्ये, विधानसभेच्या तोंडावर. तिच्यासाठी असा कुठलाच स्वतंत्र कर आला नाही. योजना वाईट आहे म्हणून नव्हे, तिच्या पैशाची सोय केली नाही म्हणून मी कुरकुरतो. २१०० चं आश्वासन तर अजून हवेतच आहे.

रानजाई

सहमत. पण मग २०२४ च्या त्या अधिवेशनात योजनेला विरोध करणारा एक तरी पक्ष दाखवा. विरोधकांनी जाहीरनाम्यात तीन हजारांचं आश्वासन दिलं होतं. सडेतोड भाऊंनी हे लिहिलं नाही.

विट्याचा_गलाईवाला

धाग्यावर उशिरा आलो. मी त्रिशूरला, सोनं गाळायचा धंदा. आमच्या विटा-खानापूर-आटपाडीची माणसं भारतभर याच धंद्यात, सांगलीकरांना सांगायला नको. त्रिशूरला मुक्काम करा, घरचं पिठलं-भाकरी मिळेल.

आता रस्ता. तलपाडीला केरळात शिराल. इथून पुढं ६६ चं सहापदरीकरण बरंच झालंय, पण जिथं झालं नाही तिथं सर्व्हिस रोडला बस, लॉरी, रिक्षा सगळं एकाच रांगेत. मे २०२५ मध्ये मलप्पुरममधल्या कूरियाडला बांधलेला रस्ताच खचला होता. दिवसाला तीनशे किलोमीटरचा हट्ट केरळात सोडा, दोनशे झाले तरी पुष्कळ.

तेल: केरळात पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये सामाजिक सुरक्षा उपकर आहे, एप्रिल २०२३ पासून. त्यातून वृद्धांचं पेन्शन जातं. ते १६०० होतं, नोव्हेंबर २०२५ पासून २००० केलं. मध्ये माहे लागतं. ते पुद्दुचेरीचं, त्यामुळे पेट्रोल केरळपेक्षा लिटरला दहा रुपयांहून स्वस्त, आणि दारूची दुकानं ओळीनं. मार्च २०२४ मध्ये तलश्शेरी-माहे बायपास झाला. बायपासनं गेलात तर वेळ वाचतो, पण माहे गाव चुकतं.

तिजोरीच्या भांडणात इथले लोक तुमच्यापेक्षा पुढं. हायवेच्या जमिनीचा पाव खर्च केरळानं दिला, साडेपाच हजार कोटींच्या वर, तो किफबी या त्यांच्या संस्थेमार्फत. केंद्र म्हणालं, किफबीचं कर्जही राज्याच्या कर्जमर्यादेत धरणार. केरळ सर्वोच्च न्यायालयात गेलं, एप्रिल २०२४ मध्ये प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवलं. चहाच्या टपरीवर रिक्षावाला राज्यांच्या कर्जाबद्दलच्या कलम २९३ वर बोलतो, खोटं नाही.

हिशेबनीस

गलाईवाले, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात उपयोगी. समृद्धीबद्दल मी जे विचारलं, ते केरळात कोर्टात चाललंय. महामंडळाच्या वहीतलं कर्ज राज्याचं धरायचं असं उद्या ठरलं, तर मोठे महामार्ग बांधणाऱ्या प्रत्येक राज्याला आकडे नव्यानं मांडावे लागतील. आपल्यालाही.

सडेतोड_भाऊ

म्हणजे शेवटी मीच बरोबर. कर्ज लपवलेलं आहे.

हिशेबनीस

लपवलेलं नाही. सरकारनं दिलेल्या हम्यांचा तपशील अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत असतो. वाचणारे कमी.

जुनी_पेन्शन_हवीच

विकल्पाचा अर्ज भरायचा आहे. काका, सेवा १९ वर्षं झाली असेल आणि पुढे स्वेच्छानिवृत्ती घ्यायची असेल तर ५० टक्क्यांची हमी पूर्ण मिळते का?

कोषागारी_सांगलीकर

स्वेच्छानिवृत्तीचा विचार असेल तर इथल्या उत्तरावर निर्णय घेऊ नका. पात्र सेवा किती धरली जाते यावर सगळं अवलंबून असतं, आणि खंडित सेवा, विनावेतन रजा यांनी गणित बदलतं. सेवापुस्तक घेऊन अधिदान व लेखा कार्यालयात किंवा कोषागारात जा. मला व्यक्तिगत निरोप टाका, कोणत्या नोंदी तपासून घ्यायच्या त्यांची यादी देतो.

गलाईवाले, त्रिशूरचं नक्की. मित्राला माहेत टाकी भरायची आहे, बायकांना बायपासनं जायचंय. त्यावर गाडी निघायच्या आधीच भांडण सुरू झालंय. कन्नूरहून सकाळी निघालं तर माहे गावात किती वेळ मोडतो?

विट्याचा_गलाईवाला

पंपावर रांग नसेल तर पाऊण तास. रविवारी जाऊ नका.